आधी विषय विचारा, मग लेख लिहा

पत्र : "आदरणीय महोदय, मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहते. वय ३६. मराठीत एम. ए. आणि नंतर बी. एड. केले. जवळच्या एका खासगी शाळेत सात वर्षे शिकवले, पण गेल्या जूनपासून ती नोकरी राहिली नाही. लिहिण्याची आवड कॉलेजपासूनची आहे. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत चार वर्षांत माझे नऊ लेख छापून आले. मानधन कधी मिळाले नाही आणि मीही मागितले नाही. दिवाळीनंतर द्राक्ष-बेदाण्याच्या हंगामावर २८०० शब्दांचा लेख लिहून तो पाच वृत्तपत्रांना एकाच मेलने पाठवला. दोन महिने झाले, कोणाचेही उत्तर नाही. फोन करायचा तर संकोच वाटतो. लिहून पैसे मिळवणे आमच्यासारख्यांना खरोखर शक्य आहे का? संपादकांशी काय बोलावे आणि मानधनाचा विषय कोणत्या तोंडाने काढावा? घरात सगळे म्हणतात, 'नाव छापून येते ना, मग झाले तर!' – एक वाचक, तासगाव"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय, शक्य आहे' असे आहे. मात्र ज्या दारांवर तुम्ही आजवर थाप मारली, त्यांच्यापेक्षा वेगळ्या दारांतून बहुतेक पैसे येतात, हेही त्याच दमात सांगायला हवे. वृत्तपत्रातल्या लेखाने नाव होते, ओळख वाढते आणि हात चालता राहतो. घरखर्चाला आधार देणारे लेखन निराळे असते आणि त्यावर पुष्कळदा आपले नावही नसते. या दोन्हींकडे मी पुढे येतो. आधी तुमच्या त्या मेलविषयी बोलू, कारण पाचही ठिकाणांहून उत्तर न येण्यामागे तुमच्या लेखनाचा दर्जा हे कारण असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. तो लेख बहुधा कोणी उघडूनच पाहिलेला नाही.

मी अठरा वर्षे एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचे काम पाहिले, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. पुरवणीच्या चार किंवा सहा पानांतला बराचसा भाग ठरलेल्या सदरांनी आधीच अडवलेला असतो. उरलेल्या जागेत एक मोठा लेख आणि एक-दोन छोटे लेख बसतात. त्यांतल्या मोठ्या लेखाला हजार-बाराशे शब्द मिळाले तरी संपादक स्वतःला भाग्यवान समजतो, कारण पान लावायच्या दिवशी एखादी अर्ध्या पानाची जाहिरात आली की त्यातलेही तीनशे शब्द उडतात. अशा ठिकाणी २८०० शब्दांचा मजकूर येतो तेव्हा तो वाचण्यापूर्वीच 'हा कापायचा कोणी' हा विचार मनात येतो. त्यात मेलच्या वरच्या ओळीत आणखी चार वृत्तपत्रांचे पत्ते दिसत असले, तर प्रश्नच मिटतो. एकच लेख एकाच रविवारी दोन दैनिकांत छापून येणे ही संपादकाच्या दृष्टीने नामुष्कीची गोष्ट असते आणि ती टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या लेखाला हातच न लावणे. तुम्हाला वाटले, पाच जणांना पाठवला म्हणजे संधी पाचपट झाली. प्रत्यक्षात पाचही जणांनी तो दुसऱ्यावर सोडून दिला.

पूर्वी लेखासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडण्याची पद्धत होती आणि नकार आला तरी 'साभार परत' अशी चिठ्ठी हाती पडत असे. त्या दोन शब्दांनी अनेकांचे डोळे ओलावले असतील, पण निदान लेख मोकळा झाल्याचे कळत होते. आता नकार मौनातून येतो, त्यामुळे लेख मोकळा करून घेण्याचे काम लेखकालाच करावे लागते. विषय पाठवल्यावर दहा दिवस थांबा. मग दोन ओळींची आठवण द्या. आणखी एक आठवडा गेला की, 'आपल्याकडून उत्तर न आल्याने हा विषय मी आता अन्यत्र देत आहे, कळावे' असे लिहून तो दुसरीकडे न्या. या शेवटच्या ओळीत तक्रारीचा सूर नसावा. माझा अनुभव असा की, याच ओळीला सर्वांत जास्त उत्तरे येतात.

मी 'विषय पाठवल्यावर' असे म्हटले, 'लेख पाठवल्यावर' असे म्हटले नाही. सगळी गोम तिथेच आहे. ललित लेख, कथा, कविता किंवा विनोदी लेखन पूर्ण लिहूनच पाठवावे लागते, कारण तिथे लिहिण्याची तऱ्हा हाच माल असतो. माहिती देणारे, माणसांशी बोलून आणि ठिकाणे पाहून केलेले लेखन मात्र आधी विचारून करावे. त्यामुळे तुमची मेहनत फुकट जात नाही, संपादकाला हवा तो कोन आधीच कळतो, आणि मुख्य म्हणजे मानधनाचे बोलणे लेख हातात असताना न होता लेख हवा असताना होते. या दोन प्रसंगांत भाव ठरवण्याच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको. माल उतरवून टाकल्यावर दर विचारणाऱ्याचे काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल.

आता विषयाबद्दल. 'द्राक्ष-बेदाण्याचा हंगाम' हा विषय नव्हे, ते क्षेत्र झाले. तासगाव-सांगलीचा बेदाणा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे आणि द्राक्षे द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर कशी वाळवतात याचे वर्णन दर वर्षी कुठे ना कुठे येतेच. पुण्या-मुंबईत बसलेल्या संपादकाला हे सगळे कोणीही वार्ताहर एका दिवसात देऊ शकतो. तो ज्याच्यासाठी थांबेल, ती गोष्ट वेगळी असते. तुमच्या पत्रासोबत आलेला तो लेख मी पूर्ण वाचला. त्याच्या चौथ्या पानावर बेदाणा निवडणाऱ्या बायकांविषयी एक परिच्छेद आहे : सकाळी आठपासून पाठ वाकवून बसणे, काड्या आणि काळे दाणे वेचणे, बोटांना येणारा चिकटपणा, आणि मजुरी रोजावर घ्यावी की किलोवर यावरून दर हंगामाच्या सुरुवातीला मुकादमाशी होणारी ती घासाघीस. त्या परिच्छेदात तुम्ही स्वतः त्यांच्यात बसल्याचे कळते. तिथवर पोचायला मुंबईच्या माणसाला चार दिवस आणि एक ओळखीचे घर लागेल. तुमच्याकडे दोन्ही आहे. याच लेखात सौद्याच्या वेळी पारखण्याच्या नावाखाली होणाऱ्या बेदाण्याच्या उधळणीवर तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत. त्यात आणखी एक स्वतंत्र लेख दडलेला आहे.

विषय कसा मांडावा हे नुसते सांगून कळत नाही, म्हणून एक नमुना लिहून देतो. तो जसाच्या तसा पाठवू नका. त्याची चाल लक्षात घ्या.

"विषय : लेख-प्रस्ताव – बेदाणा निवडणाऱ्या स्त्रिया (तासगाव)

सप्रेम नमस्कार. बेदाण्याचे दर किलोमागे किती मिळाले, याच्या बातम्या हंगामात रोज येतात. पण तो बेदाणा हाताने निवडणाऱ्या स्त्रियांची मजुरी कशी ठरते, याविषयी सहसा लिहिले जात नाही. माझ्या गावातील तीन शेडवर हे काम सुरू झाले आहे आणि तेथील सात जणींशी मी बोलले आहे. काही जणी रोजावर काम करतात, काही किलोवर; निवडयंत्रे आल्यानंतर कोणाचे काम कमी झाले आणि कोणाचे वाढले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या बोलण्यासोबत एका शेडमालकाचे आणि एका मुकादमाचे म्हणणेही मी घेणार आहे. लेख सुमारे ११०० शब्दांचा असेल आणि होकार मिळाल्यापासून बारा दिवसांत देऊ शकेन. त्या स्त्रियांच्या संमतीने काढलेली पाच छायाचित्रे माझ्याकडे आहेत. हा प्रस्ताव सध्या केवळ आपल्याकडेच पाठवला आहे. मी याच भागात राहते. माझ्या दोन प्रकाशित लेखांची कात्रणे सोबत जोडली आहेत. विषय योग्य वाटल्यास शब्दमर्यादा आणि मानधन कळवावे, ही विनंती."

पाहा, यात एम. ए., बी. एड. कुठेच आलेले नाही. तुमच्या मूळ मेलची सुरुवात शिक्षणापासून आणि 'मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे' या वाक्यापासून होती. संपादक त्या ओळीपर्यंत आला तरी तिच्यापुढे जात नाही, कारण ज्यांना आवड आहे अशा शंभर जणांच्या मेल त्याच्या पेटीत पडून असतात. त्याला हवे असते ते एवढेच : यात नवे काय आहे, हे याच आठवड्यात का छापावे, हे लिहायला हाच माणूस का, आणि सांगितल्या दिवशी मजकूर हाती पडेल का. 'सात जणींशी बोलले आहे' हे वाक्य तुमच्या पदवीपेक्षा भारी आहे, अर्थात ते खरे असेल तरच. तुम्ही तिघींशीच बोलला असाल तर तीन लिहा. तीनसुद्धा पुरतात.

प्रस्ताव कोणाच्या नावे पाठवायचा, हेही पाहिले पाहिजे. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी संपादकाचे नाव छापलेले असते, पण पुरवणीचे काम पाहणारी व्यक्ती बहुधा दुसरीच असते. कार्यालयाच्या फोनवर विचारले तर तिचे नाव आणि मेल मिळतो. हा फोन दुपारी बारा ते चारच्या दरम्यान करावा, कारण सायंकाळ झाली की डेस्कवर कोणालाही उसंत नसते. संकोच वाटतो असे तुम्ही लिहिले आहे, तर या फोनवर लेखाविषयी बोलूच नका. 'पुरवणीसाठी लेखाचा प्रस्ताव पाठवायचा आहे, कोणाच्या नावे पाठवू?' एवढेच विचारायचे. पुढचे मेल बोलेल.

त्याआधी त्या पुरवणीचे मागचे तीन महिन्यांचे अंक बारकाईने वाचलेले हवेत. 'लोकसत्ता'ची 'चतुरंग' आणि 'लोकरंग', 'महाराष्ट्र टाइम्स'ची 'संवाद', 'सकाळ'ची 'सप्तरंग' या पुरवण्यांचे स्वभाव एकमेकींपासून वेगळे आहेत आणि जो विषय 'चतुरंग'ला शोभेल तो 'लोकरंग'ला शोभेलच असे नाही. तुमच्या भागाचा विचार केला तर 'सकाळ' समूहाचे शेतीविषयक दैनिक 'ॲग्रोवन' तुमच्या यादीत सर्वांत वर असायला हवे होते. ते तुमच्या पाच पत्त्यांत नव्हते, याचे मला आश्चर्य वाटले. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक सामाजिक विषयांना थोडी मोठी जागा देते. तुम्ही सात वर्षे मुलांत वावरला आहात, म्हणून बालभारतीचे 'किशोर' मासिकही चाळा. १९७१पासून चालू असलेल्या या मासिकासाठी लिहिताना मोठ्यांसाठीची अर्धी विशेषणे आपोआप गळून पडतात आणि तो सराव कुठेही उपयोगी पडतो.

दिवाळी अंकांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ते टाळून चालणार नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा नव्या लेखकासाठी आजही मोठे दार आहे. त्याचे वेळापत्रक मात्र नवख्यांना ठाऊक नसते. प्रतिष्ठित अंकांचे संपादक उन्हाळ्यातच विषय आणि लेखक ठरवू लागतात, जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर गोळा होतो आणि गणपती उठेपर्यंत बहुतेक पाने लागलेली असतात. त्यामुळे गणपतीनंतर पाठवलेल्या उत्तम लेखालाही जागा मिळणे कठीण जाते. तुमचा प्रस्ताव एप्रिलमध्ये गेला पाहिजे. मानधनाबाबत इथे सगळ्या तऱ्हा आढळतात. काही अंक ठरलेली रक्कम न मागता पाठवतात. काही अंक जाहिरातींचे पैसे आल्यावर, म्हणजे कधी कधी पुढच्या उन्हाळ्यात, देतात. काही केवळ अंकाची प्रत देतात, आणि काहींची प्रतसुद्धा विकत घ्यावी लागते. शेवटच्या प्रकारच्या अंकात एकदाही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कोणत्या तोंडाने मागावे, या प्रश्नाकडे येतो. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर एखाद्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला भाषणासाठी बोलावतात, तेव्हा मानधनाची रक्कम लिहिलेल्या करारपत्रावर आधी सही होते. त्यात कोणालाच काही ओशाळवाणे वाटत नाही. वृत्तपत्राच्या बाबतीतच आपल्याला लाज का वाटते? कारण लेख 'छापणे' हा त्यांनी आपल्यावर केलेला उपकार आहे, असे आपण मनात धरून बसलेलो असतो आणि घरातली 'नाव येते ना' ही भाषा त्यावर शिक्कामोर्तब करते. संपादकाला त्याचे पान भरायचे असते, कागदवाल्याला, छपाईवाल्याला आणि वाटणाऱ्या मुलाला त्याचे पैसे मिळतात. तेव्हा मजकुराचे पैसे विचारणे हा उद्धटपणा होत नाही. बोलायचे वाक्य अगदी साधे ठेवा : 'या लेखासाठी आपल्याकडे मानधन किती असते आणि ते साधारण कधी जमा होते?' यात 'मिळेल का' नाही, 'काही देता येईल का' नाही, आणि क्षमायाचना तर नाहीच. उत्तर 'आमच्याकडे मानधनाची पद्धत नाही' असे आले, तर लिहायचे की नाही हे तुम्ही ठरवाल. फुकट लिहू नका, असे मी सांगत नाही. विषय तुमच्या जिव्हाळ्याचा असेल तर जरूर लिहा. फक्त ते आधी कळलेले असावे आणि निर्णय तुमचा असावा. ज्या दैनिकात तुमचे नऊ लेख आले, त्यांच्याकडे मागच्या पैशांचा विषय काढण्यात अर्थ नाही. दहाव्या लेखाच्या वेळी मात्र हेच वाक्य वापरा.

रक्कम कळल्यावर हिशेब मांडायची सवय लावा. समजा, ११०० शब्दांच्या लेखाचे १२०० रुपये ठरले. तीन दिवस शेडवर जाणे-येणे, दोन दिवस लिहिणे, एक दिवस दुरुस्त्या, असे सहा दिवस धरले तर दिवसाचे २०० रुपये पडले. बेदाणा निवडणाऱ्या बाईची मजुरी किती असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नेमके ठाऊक आहे. म्हणून त्याच सहा दिवसांतून दुसराही माल निघाला पाहिजे : एक लेख स्त्रियांवर, एक सौद्यावर, मुलांसाठी 'द्राक्षाचा बेदाणा कसा होतो' हा तिसरा. मजकूर प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहिलेला हवा, पण पायपीट एकदाच.

घरखर्चाला हातभार लावायचा असेल, तर मी पहिल्याप्रथम म्हटले त्या दुसऱ्या दारांकडे वळू. त्यांतले तुमच्यासाठी सर्वांत जवळचे दार म्हणजे शब्दांकन. निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, सहकारी संस्थांचे पदाधिकारी, परदेशी गेलेल्या मुलांचे वडील अशा अनेकांना आपले आत्मकथन पुस्तकरूपाने यावे असे वाटत असते आणि स्वतः लिहिणे त्यांना जमत नाही. तुमच्या जिल्ह्यात अशी माणसे भरपूर आहेत. शिक्षिकेला समोरच्याचे ऐकून घेण्याची आणि विस्कळीत बोलणे सरळ करून मांडण्याची सवय असते, ती इथे कामाला येते. मात्र या कामात माझी एकदा चांगलीच फजिती झाली. एका ज्येष्ठ गृहस्थांचे आत्मचरित्र मी तोंडी बोलीवर लिहायला घेतले. पाच महिने गेले, दर भेटीला नव्या आठवणी निघत राहिल्या, दोन प्रकरणे घरच्यांना पटली नाहीत म्हणून पुन्हा लिहिली, आणि शेवटी 'तुमचे काय ते बघू' यावर ठरल्यातली निम्मी रक्कम मिळाली. तेव्हापासून मी एका पानावर चार गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घेतो : भेटी किती, पाने किती, दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, आणि पैसे तीन हप्त्यांत – पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी, दुसरा निम्मी प्रकरणे दिल्यावर आणि तिसरा अंतिम प्रत देण्यापूर्वी. 'शब्दांकन' म्हणून आपले नाव मुखपृष्ठावर येणार की आतल्या पानावर, हेही त्याच कागदावर हवे. पुष्कळांना छापून झाल्यावर ते नाव खटकू लागते.

दुसरे काम अनुवादाचे. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांसारख्या संस्था अनुवादकांना काम देतात, आणि खासगी प्रकाशकांचा तर मोठा भाग हल्ली अनुवादांवर चालतो. इंग्रजी किंवा हिंदीतून दहा पानांचा उत्तम नमुना करून तो प्रकाशकाला दाखवणे, ही इथली रीत आहे. समजा, ६०,००० शब्दांच्या पुस्तकाला शब्दामागे ६० पैसे ठरले, तर ३६,००० रुपये झाले. रोज १२०० शब्द केले तर पन्नास दिवस आणि वाचून दुरुस्त करायला आणखी दहा, म्हणजे दिवसाचे ६०० रुपये. लेखाच्या तिप्पट. तुम्ही कानडी बोलणाऱ्या मुलुखाच्या शेजारी राहता. घरात किंवा माहेरी कोणाचे कानडी असेल आणि तुम्हाला ते वाचता येत असेल, तर ही गोष्ट प्रकाशकाला सर्वांत आधी सांगा, कारण इंग्रजीतून अनुवाद करणारे ढिगाने मिळतात, कानडीतून करणारे मोजकेच आहेत.

तिसरे मुद्रितशोधन, म्हणजे छपाईपूर्वी मजकुरातल्या चुका शोधून दुरुस्त करणे. इथे पैसे पानावर किंवा फॉर्मवर (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावर) मोजतात. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक अठरा नियम तुम्हाला बी. एड.च्या दिवसांपासून पाठ असतील, असे गृहीत धरतो. नसतील तर एका आठवड्यात होतील. याखेरीज स्वयंसेवी संस्थांचे वार्षिक अहवाल, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या पुस्तिका, शाळा-बँकांच्या स्मरणिका, श्राव्य पुस्तकांच्या कंपन्यांसाठी संहिता अशी कामे निघत असतात. ती जाहिरातीतून क्वचितच मिळतात, ओळखीतून मिळतात. म्हणून आपण पैसे घेऊन लिहून देतो, ही गोष्ट गावातल्या दहा माणसांना कळलेली असणे आवश्यक आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही त्या संस्थेच्या नोकरीत नसाल तर तुमच्या मजकुराचा पहिला हक्क तुमचा असतो आणि तो सहीनिशी लिहून दिल्याखेरीज दुसऱ्याचा होत नाही. लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द असलेला कागद समोर आला, तर त्याची किंमत नेहमीच्या मानधनापेक्षा बरीच जास्त असली पाहिजे. ठरलेले सगळे मेलवर असू द्या. फोनवर ठरले असेल तर 'आताच्या बोलण्यानुसार' अशी सुरुवात करून स्वतः मेल पाठवा. वर्षभरातली रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की, देणारी संस्था दहा टक्के कर कापून उरलेले पैसे देते. तुमचे उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती कपात परत मिळते, ते पैसे बुडाले असे समजू नका. कंपन्यांची कामे मिळू लागली तर सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य होते, आणि अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६च्या कायद्याने घातलेले आहे.

आणि जो तुमच्याकडून पैसे मागतो, तो तुम्हाला लेखनाचे काम देत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. 'नोंदणी शुल्क भरा, घरबसल्या टायपिंग मिळवा' हा त्यातला उघड प्रकार. प्रातिनिधिक संग्रहात पानामागे पैसे घेऊन कविता छापणारे आणि 'सहयोग राशी' घेऊन राज्यस्तरीय पुरस्कार देणारे हे सभ्य प्रकार. पुरस्काराची ट्रॉफी कपाटात राहते; संपादक तिच्याकडे पाहत नाही.

शेवटी तुमच्या त्या लेखाविषयी. तो फेसबुकवर टाकण्याचा विचार तुम्ही ताजा कलमात बोलून दाखवला आहे. तो आज तरी करू नका, कारण एकदा तिथे टाकलेला मजकूर बहुतेक संपादक पूर्वप्रकाशित मानतात. पाचही ठिकाणी वेगवेगळी मेल पाठवून तो लेख मागे घ्या. मग चौथ्या पानावरचा तो परिच्छेद समोर ठेवून, बाकीचा मजकूर बाजूला सारून, वरच्या नमुन्याप्रमाणे एकच प्रस्ताव तयार करा. बेदाण्याच्या शेडवरचे काम उन्हाळ्यापर्यंत चालेल, पण संपादकाला हा विषय हंगामाच्या सुरुवातीलाच हवा असतो आणि तुमचे पत्र माझ्यापर्यंत यायलाच तीन आठवडे गेले आहेत. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला, वर्डच्या फाइलमध्ये असू द्या, पीडीएफ करू नका. प्रस्ताव येत्या सोमवारी सकाळी जाऊ द्या, आणि त्यापूर्वी रविवारी पुन्हा एकदा शेडवर जाऊन यंदा रोज किती ठरला, ते विचारून घ्या.